ओल्या अंगठ्याची परीक्षा

श्रीपेरुंबुदूरला मराठी माणूस येतो तो बहुधा कारखान्यापायी. रामानुजाचार्यांचं जन्मगाव म्हणून आदिकेशव पेरुमाळाच्या देवळात येणारे थोडे, राजीव गांधींच्या स्मारकापाशी गाडी थांबवणारे आणखी थोडे. बाकीचे आम्ही सगळे चाकण-तळेगावकडून मोटारींच्या मागोमाग आलेलो. इरुंगाट्टुकोट्टईला ह्युंदाई, ओरगडमला आणखी गाड्या, आणि त्यांच्या अवतीभवती काच, सीट, दिवे, बंपर बनवणाऱ्यांची रांग. अशा गावात संध्याकाळी शिफ्ट संपवून एक बाई फाउंटन पेनच्या शाया कागदावर ओढते, वाळवते, भिजवते आणि एकमेकींशी ताडून पाहते. ती माझी बायको.

तिची नोकरी रंगाशीच आहे. गाडीचं दार पत्र्याचं आणि बंपर प्लास्टिकचा. दोघांना रंग देणाऱ्या भट्ट्या वेगळ्या, पण ग्राहकाला दोन्ही एकच दिसले पाहिजेत. ते दिसतात की नाही हे ठरवायला ती दिवसभर कृत्रिम सूर्यप्रकाशाच्या पेटीसमोर उभी असते. घरी येऊनही तेच करते, असं मी एकदा म्हणालो. "घरी मी कुणाला रिपोर्ट देत नाही," असं उत्तर मिळालं.

तिचे मामा पाटण तालुक्यात तलाठी होते, मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले. जुन्या नोंदींसाठी मोडी शिकले आणि मग मोडीच्याच नादी लागले. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी दफ्तरं पाहायला गेले होते, परतीच्या वाटेवर आमच्याकडे उतरले. आल्या आल्या म्हणाले, "जावईबापू, कराडहून जो हायवे जातो, तोच तुमच्या दारात येतो. मग इतकं लांब का वाटतं?" खरं आहे ते. राष्ट्रीय महामार्ग ४८ पुणे-सातारा-कराड-कोल्हापूर करत बंगळूरमार्गे थेट श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईत शिरतो.

जेवणानंतर टेबलावर बाटल्या आल्या आणि वाद सुरू झाला. मी मध्ये फारसा पडलो नाही. दोघेही आपापल्या जागी पक्के असले की तिसऱ्यानं ऐकावं.

मामा : मला एवढंच सांग, या वहीत तू लिहितेस काय?

भाची : शाईचं नाव, पेन, निब, कागद, तारीख. मग दोन-तीन ओळी. शेजारी कापसाच्या काडीनं रंगाचा पट्टा. वाळायला किती वेळ लागला, पाण्याचा थेंब टाकल्यावर काय झालं, मागच्या पानावर उमटली का.

मामा : म्हणजे शाईनं लिहायचं ते शाईबद्दलच. फेरफार नोंदवहीत मी 'सदर शाई निळी असून वाहण्यास उत्तम आहे' असं लिहिलं असतं, तर प्रांतसाहेबांनी मला कोयनेत सोडला असता. अगं, शाई लिहिण्यासाठी असते. तुझ्याकडे लिहायला काही नाही आणि शाया मात्र शेल्फभर.

भाची : तू दप्तराला कोणती शाई वापरायचास?

मामा : निळी-काळी. आधी पुड्या यायच्या, पाण्यात कालवायच्या. पुढे बाटल्या.

भाची : म्हणजे तू निवडली नाहीस. आली ती वापरलीस.

मामा : मी बायकोही निवडली नव्हती. चाळीस वर्षं झाली, तक्रार नाही.

भाची : तिची आहे. मी ऐकली आहे.

मामा हसले, पण हटले नाहीत. त्यांचा मुद्दा साधा होता आणि मला तो आजही वजनदार वाटतो. वस्तू तिच्या कामावरून ओळखावी. शाईचं काम म्हणजे लिहिलेलं टिकवणं. टिकतं की नाही हे वर्षांनी कळतं. संध्याकाळच्या तासाभरात कळतो तो फक्त रंग.

मामा : निळी-काळी का, तर ती लिहिताना फिकी निळी दिसते आणि दिवसागणिक काळी होत जाते. पाण्यानं जात नाही. सातबाऱ्यावर कुणाचा हक्क संपला की त्या नावाला आम्ही कंस करायचो, नाव खोडायचो नाही. का? तर खालचं नाव पुढच्या माणसाला वाचता आलं पाहिजे. त्या कंसाच्या आतलं नाव उडालं, तर दोन भावांची डोकी फुटतील.

भाची : ती काळी का होते, माहीत आहे?

मामा : लोखंड असतं त्यात.

भाची : हिराकस आणि मायफळाचं आम्ल. दोन्ही मिसळल्यावर सुरुवातीला जवळजवळ रंग नसतो, म्हणून दिसावं यासाठी निळा रंग घालतात. कागदात मुरल्यावर हवेतल्या ऑक्सिजननं लोह बदलतं आणि काळं, न विरघळणारं संयुग तयार होतं. आपल्याकडे त्याचं मानकही आहे, आयएस २२०. त्यात लोहाचं प्रमाण ०.१ टक्के. तुझी शाई चांगलीच आहे, मामा. पण ती आम्लधर्मी असते. पेनच्या स्टीलच्या निबला खाते, आणि लोह जास्त असेल तर कागदालाही. युरोपातल्या जुन्या वह्यांत अक्षरांच्या जागी भोकं पडलेली आहेत. टिकणं म्हणजे काय, शाई टिकणं की कागद टिकणं?

मामा : आमच्या दप्तराला भोकं पडली ती उंदरांनी.

भाची : हेच मी तुलना करते म्हणून मला दिसतं. एकाच गुणामागे धावलं की दुसरीकडे बिघडतं. पार्करनं १९४७ साली 'सुपरक्रोम' नावाची शाई काढली. रंग झगझगीत, आणि कागदावर टेकताक्षणी वाळायची. त्यांच्याच '५१' पेनसाठी. पण ती इतकी अल्कधर्मी की इतर पेनांचे भाग खाऊ लागली. काही वर्षांत गुंडाळावी लागली. वाळण्याच्या परीक्षेत पहिला नंबर, पेनच्या परीक्षेत नापास.

हे सगळं ती हातातलं काम न थांबवता बोलत होती. टेबलावर एक काळं, जाडसर एबोनाइटचं पेन होतं, तिरुवळ्ळूरचं. आमच्या गावाहून तासाभराच्या आत तिरुवळ्ळूर येतं, तिथे 'रंगा' नावाची पेनं आजही लेथवर हातानं कातून बनवतात. मामांनी ते उचलून नाकाशी नेलं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कातताना आणि नव्या पेनला तो वास येतोच.

मामा : अरे वा. आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या पेनला हाच वास होता. ड्रॉपरनं भरायचं?

भाची : ड्रॉपरनंच. सगळ्या शाया याच एका पेनात, याच निबनं, याच कागदावर तपासते. मध्ये पेन धुते, सुकवते, मग पुढची भरते. नाहीतर आपण शाईची तुलना करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात निबची करत असतो. रुंद ओल्या निबनं कुठलीही शाई गडद दिसते.

मामा : म्हणजे एवढा खटाटोप, की बाकी काही बदलू नये.

भाची : हो. कारखान्यात बंपरच्या रंगाला हेच लागतं.

मामा : पण शाई बाकी सगळ्याबरोबरच जगते ना गं? पाटणला जून ते सप्टेंबर वहीचा कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडायचा. तीच शाई मे महिन्यात रेघ मारल्यासारखी, जुलैत फुटायची. कोणती शाई ती? मेमधली की जुलैमधली?

इथे ती थोडी थांबली. मी माझ्या मनाशी मामांना एक गुण दिला. श्रीपेरुंबुदूर समुद्रापासून आत असलं तरी चेन्नईची दमट हवा इथेही पोचते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस लागला की तिच्या वहीतल्या वाळण्याच्या वेळा सगळ्या लांबतात. ती त्यांच्यापुढे 'पाऊस' एवढंच लिहून ठेवते.

भाची : बरोबर आहे. म्हणून मी एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत ताडते. हवा दोघींनाही सारखी मिळाली की झालं. आणि ड्रॉपरच्या पेनचं वेगळंच दुखणं आहे. शाई अर्ध्यावर आली की पोटात हवा वाढते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते.

मामा : पेन ओकतं.

भाची : ओकतं. इथल्या उन्हाळ्यात हमखास. म्हणून मी ते अर्ध्यावर आलं की भरूनच घेते.

मामांनी बाटल्यांची पाहणी सुरू केली. कॅमल पाहून चेहरा फुलला. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, तेव्हा त्यांचा छाप 'घोडा' होता. उंट नंतर आला. आता कंपनीत जपानच्या कोकुयोचा मोठा हिस्सा आहे, हे ऐकून मामांनी बाटली जरा दूर ठेवली आणि मग पुन्हा जवळ ओढली.

मामा : त्या काळात शाई घ्यायची म्हणजे राजकारण होतं. विलायती पेन, विलायती शाई, आणि त्यानं स्वदेशीवर लेख लिहायचा, हे गांधीजींना कसं रुचेल? बंगालात एक शाई निघाली होती ना...

भाची : सुलेखा. ही बघ. १९३४, राजशाहीला, मैत्र बंधूंनी काढली. पुढे कलकत्त्याला जादवपूरला कारखाना. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडला, २००६ला पुन्हा उघडला. आता माझ्यासारख्यांसाठी नवे रंग काढतात.

मामा : तर त्या माणसांनी शाई बनवली ती देशासाठी. तू घेतेस ती छंदासाठी. फरक नाही?

भाची : फरक आहे. पण मामा, ती शाई विकली कशी गेली असेल? भावनेवर पहिली बाटली जाते. दुसरी तेव्हाच जाते, जेव्हा कारकून म्हणतो की विलायतीइतकीच वाहते, गाळ बसत नाही, निब गंजत नाही. म्हणजे त्या काळी दर दुकानात, दर कचेरीत कुणीतरी दोन शाया शेजारी शेजारी ओढून पाहिल्या असणार. तुलना केल्याशिवाय स्वदेशी टिकली नसती.

मामा : ते गरजेनं करत होते.

भाची : आणि मी आवडीनं करते. आवडीनं केलेलं काम खोटं असतं का?

मामांनी याला उत्तर दिलं नाही. मला वाटतं त्यांच्याकडे होतं, पण ते देताना त्यांना स्वतःच्या मोडीचाही हिशेब द्यावा लागला असता. निवृत्तीनंतर तंजावरपर्यंत जाऊन दुसऱ्याच्या शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या याद्या वाचायची गरज कुणाला असते?

मग तिनं तिची आवडती करामत दाखवली. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी घेतली. खालच्या टोकापासून थोडं वर एका काळ्या शाईचा ठिपका दिला, वाळू दिला, आणि पट्टीचं टोक पाण्याच्या पेल्यात असं टेकवलं की पाणी ठिपक्याला थेट लागू नये. पाणी पट्टीतून वर चढू लागलं. ठिपक्यापाशी आलं तसा काळा रंग हलला. आधी त्यातून पिवळा निसटला आणि पाण्याच्या पुढच्या काठाबरोबर वर धावला. मागून गुलाबी. निळा रेंगाळत राहिला, आणि अगदी तळाशी एक जांभळट करडा डाग हलायला तयारच नव्हता. दुसऱ्या पट्टीवर दुसऱ्या कंपनीची काळी. तिच्यातून हिरवा आणि नारिंगी निघाला, गुलाबी नावालाही नाही. कागदावर दोन्ही काळ्या शेजारी ठेवल्या होत्या, आणि मला ट्यूबलाइटखाली एकच दिसत होत्या.

भाची : आता यांना बाल्कनीत, उद्या सकाळच्या उन्हात बघ. एक काळी राहील, दुसरी तपकिरी मारेल. एका उजेडात सारख्या, दुसऱ्या उजेडात वेगळ्या. बंपर आणि दाराच्या बाबतीत याच एका गोष्टीवर आमच्याकडे भांडणं होतात. शोरूममध्ये जुळतं, रस्त्यावर फाटतं.

मामा : म्हणजे काळी शाई मुळात काळी नसतेच.

भाची : रंगाची असेल तर नसते. मिश्रण असतं. काळीच हवी असेल तर...

मामा : काजळ.

त्यांनी हे इतक्या पटकन म्हटलं की ते मघापासून या क्षणाची वाट पाहत होते हे कळलं.

मामा : काल तंजावरला जे कागद पाहिले, त्यांवरची शाई आजही काळी कुळकुळीत आहे. काजळ, डिंक, पाणी. बोरूनं लिहायचं, वर वाळू भुरभुरायची. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. त्याला ऊन काय करणार आणि हवा काय करणार? कागद पिवळा झालाय, कडा गेल्यात, पण अक्षर जसंच्या तसं. तुझी कुठली बाटली दोनशे वर्षांनी अशी दिसेल?

भाची : ही.

तिनं मागच्या रांगेतून एक बाटली काढली. प्लॅटिनम या जपानी कंपनीची कार्बन शाई. काजळच, फक्त इतकं बारीक दळलेलं आणि पाण्यात तरंगत ठेवलेलं, की पेनच्या जिभेतून जाऊ शकतं. आपली पूर्वीची काजळाची शाई फाउंटन पेनमध्ये भरली तर डिंक आणि कण मिळून जीभ बंद करतील. हीसुद्धा पेनमध्ये वाळू दिली तर तोच धोका.

तिनं ती तिरुवळ्ळूरच्या पेनात भरली, आणि मामांनी त्या पेनानं पहिल्यांदा लिहिलं. मोडीत लिहिलं, हात न उचलता एक सलग ओळ. मी वाचू शकलो नाही, तीही नाही. मग त्यांनी कागद उजेडात तिरका धरला.

मामा : ही खरी शाई. बाकीच्या फेकून दे.

भाची : मला ती आवडत नाही.

मामा : का?

भाची : सगळीकडे सारखीच काळी. जिथे हात रेंगाळला तिथे गडद नाही, जिथे पळाला तिथे फिकी नाही. आता ही बघ, केरळातल्या पट्टांबीची, कृष्णा नावाची. या शाईत एकाच अक्षरात नारिंगी आणि हिरवा दोन्ही दिसतात. जिथे शाई साठते तिथला रंग वेगळा. आणि काही निळ्या शायांत रंगद्रव्य इतकं जास्त असतं की कागदात मावत नाही. वर थर बसतो आणि तिरकं धरलं की तांबूस चमकतो. त्यासाठी कागदही तसा हवा, शाई चटकन न पिणारा. आपल्या शाळेच्या वहीवर ती चमक येतच नाही. तुझ्या मोडीत कुठे बोरू बुडवला, कुठे सुकत आला, हे तुला दिसतं ना? या शायांत मला माझा हात तसा दिसतो.

मामा : आम्ही बोरूचा ठसा बघतो तो कारकून ओळखायला. हा दस्त एकानंच लिहिला की मध्ये दुसऱ्यानं घुसवलं, हे कळायला.

भाची : मग तेही तुलनाच झाली की.

मामा यावर खूश झाले, आणि खूश झाल्याचं दाखवू नये म्हणून विषय बदलला. माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या या तमिळ मुलखात तर शाई हा नंतरचा कारभार. ताडाच्या पानावर लोखंडी लेखणीनं आधी अक्षर कोरायचं, आणि मग काजळ चोळायचं म्हणजे ते खाचेत बसतं. पुसलं तरी अक्षर जाग्यावर. पुन्हा काजळ चोळलं की दिसलं. रामानुजांच्या काळी इथे कुणी निळी चांगली की काळी असा वाद घातला नसेल. हे मी मान्य केलं. शाईच्या तुलनेचा सगळा छंद हा कागद आल्यावरचा, आणि फाउंटन पेन आल्यावरचा तर फारच.

आता परीक्षेची पाळी मामांची होती. तिनं वेगवेगळ्या निळ्या शायांच्या आधीच काढून ठेवलेल्या ओळींचा एक कागद घेतला, नावं झाकली आणि सांगितलं की कोणती चांगली ते सांग. मामांनी रंगाकडे पाहिलंच नाही. उजवा अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या ओळीवरून सरळ फिरवला. ओळ निळ्या धुक्यात गेली. दुसरी अर्धी राहिली. तिसरीवर अंगठा दाबून फिरवला तरी अक्षरं उभी, नुसती कागदाची लव निघाली.

भाची : मामा! मी ड्रॉपरनं एक थेंब टाकते, एक मिनिट ठेवते, मग टिपते. प्रत्येकीला सारखं. तुझी थुंकी प्रत्येक वेळी सारखी असते का? दाब सारखा असतो का?

मामा : नसतो. शेतकऱ्याचाही नसतो. तो पावसातून येतो, सही करायची जागा बोटानं शोधतो, पान उलटताना अंगठा ओला करतो. फेरफाराच्या वहीवर तुझं शुद्ध पाणी कधीच पडत नाही गं, पडतो तो घाम, थुंकी, नाहीतर गळणारं छप्पर. माझी परीक्षा ओबडधोबड असेल, पण प्रश्न खरा आहे.

भाची : आणि माझी?

मामा : तुझी नीट आहे. प्रश्न कुठला आहे ते सांग.

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. माझं विचाराल तर या सगळ्या छंदातली हीच एक जागा पोकळ राहण्याची भीती असते. पट्टे ओढायचे, वेळा लिहायच्या, आणि कशासाठी हे विचारायचंच नाही. पुष्कळांचं तसं होतं. बाटली विकत घेण्याचा आनंदच छंद होऊन बसतो आणि शाई कोपऱ्यात बुरशी धरते. दमट हवेत धरतेच. जुन्या शायांना जो औषधी वास यायचा तो बुरशी लागू नये म्हणून घातलेल्या फिनॉलचा.

भाची : माझा प्रश्न असा की डोळ्याला दिसतं ते खरं किती. कारखान्यात मशीन आकडा देतं, मी त्यावर सही करते. तिथे माझ्या डोळ्याला किंमत नाही. इथे मी आधी डोळ्यानं ठरवते आणि मग पट्टी पाण्यात बुडवून बघते की माझं बरोबर होतं का. या दोन निळ्यांत एकीत जांभळा असेल असं मला वाटलं, तर निघतो का? हल्ली बहुतेक वेळा निघतो. पूर्वी निघत नव्हता.

मामा : हां. हे तू पहिल्यांदा नीट सांगितलंस.

भाची : तू पहिल्यांदा नीट विचारलंस.

मग बराच वेळ मामा निवडणुकीच्या शाईवर बोलले. ड्यूटी असंख्य वेळा केलेली. ती बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९३७चा, आणि १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून बोटाला लागते ती शाई तिथली. चांदीचं एक क्षारद्रव्य असतं त्यात, ते कातडीवर उजेडानं काळं होतं. कुणी लिंबू घासायचे, कुणी रॉकेल, कुणी चुना; जायची नाही. टिकाऊपणात तिच्यापुढे कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं. भाचीनं शांतपणे सांगितलं की नख वाढलं की ती आपोआप निघून जाते, आणि तिची खुबीही तीच. पुढच्या निवडणुकीला बोट कोरं नसतं तर काय केलं असतं? मामा म्हणाले, अधिकारी झाली असतीस तर फाइलवर हिरव्या शाईनं शेरे मारले असतेस तू. ही स्तुती होती की टोमणा, ते तिनं विचारलं नाही.

वादाचा निकाल लागण्यातला नव्हता. पण एक व्यवहार ठरला, आणि तोही भांडूनच. तिनं एकाच पेनानं, एकाच कागदावर निवडक शायांच्या ओळी दोनदा काढायच्या. एक प्रत इथे तिच्या कपाटात, अंधारात. दुसरी मामा पाटणला नेणार आणि माळ्यावरच्या खिडकीत, जिथे सकाळी ऊन आणि पावसाळ्यात झड येते, तिथे टाचणार. दर वर्षी एकदा फोटो.

भाची : आणि अंगठा लावायचा नाही.

मामा : लावणार. खालच्या अर्ध्या भागाला. वरचा भाग तुझा.

भाची : मग प्रत्येक ओळीला एकदाच, आणि तारीख लिहायची.

मामा : तारीख कशानं लिहू? तुझ्या शाईनं लिहिली आणि तीच उडाली तर?

भाची : पेन्सिलनं. ग्राफाइट ना उन्हानं उडतं ना पाण्यानं.

मामा : आणि खाली साक्षीदाराची सही लागेल. जावईबापू, या इकडे.

मी तिरुवळ्ळूरचं पेन उचललं. दोघांनीही एकदम माझा हात धरला.

भाची : त्यात आत्ता कार्बन आहे. कागदावर आणखी एक ओळ वाढेल, आणि तुझा हात वेगळा आहे.

मामा : साक्षीदाराचा तुलनेत समावेश नाही. बॉलपेन घ्या.